मुलांचे आवाज क्लाउडवर ठेवताना



आजचा पाठ थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. संगणकाचा कसलाही कोर्स न केलेल्या माणसालाही तो कळेल अशा बेताने लिहिते आहे. ‘क्लाउडवर ठेवलंय’ हे वाक्य आपण सगळेच वापरतो. फोटो क्लाउडवर, निकाल क्लाउडवर, मुलांची माहितीही क्लाउडवर. पण आपण सांगितलेलं काम त्या दूरच्या संगणकापर्यंत पोचतं कसं, ते कोण पोचवतं आणि त्यावर आपला ताबा किती असतो, हे फारसं कुणी विचारत नाही. मला ते विचारावं लागलं, कारण प्रश्न माझ्या वर्गातल्या मुलांच्या आवाजाचा होता.

गरज का पडली?

मी बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत शिकवते. दुसरी ते चौथी मिळून ४२ मुलं. वर्षातून चार वेळा मी प्रत्येक मुलाचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करते. फार नाही, दीड मिनिटाचं. जूनमध्ये अक्षर-अक्षर जुळवत वाचणारं लेकरू फेब्रुवारीत सलग वाक्य वाचतं, तेव्हा दोन्ही रेकॉर्डिंग त्यालाच ऐकवायची. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते कुठल्याही श्रेणीपत्रकात मावत नाही.

आता हिशेब करा. ४२ मुलं गुणिले ४ म्हणजे वर्षाला १६८ रेकॉर्डिंग. पट साधारण तेवढाच राहिला, तर चार वर्षांत ६७२. एकेक फाइल साधारण एक एमबीची. मोबाइल भरला की मी ती पेन ड्राइव्हवर घ्यायचे. एका पावसाळ्यात तो पेन ड्राइव्ह उघडेनासा झाला. दुसरी प्रत शाळेच्या संगणकावर होती म्हणून निभावलं, पण तो संगणकही म्हातारा. त्यावर किती भरवसा ठेवायचा?

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. सातारा, सांगली, कोल्हापूर, काही थेट कर्नाटकात. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. तिकडच्या शाळेत मूल बसलंच, तर तिथल्या शिक्षकांना त्याची काहीच ओळख नसते. शिक्षण हमी कार्डावर इयत्ता लिहिलेली असते, पण हे पोर कुठे अडतं, कुठे सुसाट सुटतं, हे कार्ड सांगत नाही. मूल नव्या ठिकाणी बुजून गप्प बसतं, आणि ‘याला काही येत नाही’ असं समजून त्याला खालच्या वर्गात बसवलं जातं. दीड मिनिटाचं रेकॉर्डिंग त्या बाईंपर्यंत पोचलं तर हे टळू शकतं.

म्हणजे गरज दोन गोष्टींची होती. आवाज सुरक्षित राहायला हवेत, आणि योग्य माणसाला, योग्य वेळी, तेवढेच ऐकता यायला हवेत.

अर्ज लिहून देणारे काका

क्लाउड म्हणजे काही ढगात ठेवलेली वस्तू नव्हे. कुणीतरी मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक ठेवलेत, ते आपण भाड्याने वापरतो. वीजबिलासारखं, जेवढं वापरलं तेवढं भाडं. अ‍ॅमेझॉनने मार्च २००६ मध्ये ‘एस थ्री’ नावाची साठवणुकीची सेवा सुरू केली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भाड्याने संगणक देणारी ‘ईसी टू’ ही सेवा आणली. आज अशा सेवा देणाऱ्या अनेक कंपन्या आहेत.

या सेवेला काम सांगायचे दोन मार्ग. एक म्हणजे वेबसाइट उघडून माउसने क्लिक करत जायचं. दुसरा म्हणजे आपल्या प्रोग्रामने थेट तिच्याशी बोलायचं. दुसऱ्या मार्गाला एक अडचण आहे. ती सेवा फार शिस्तीची. तिला विनंती ठरलेल्या नमुन्यातच लागते. तारीख-वेळ अशीच लिहा, सही या पद्धतीनेच करा, मजकूर याच क्रमाने द्या. एक स्वल्पविराम चुकला तरी अर्ज परत.

तुम्हाला तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेले काका आठवतात का? आपण त्यांना साध्या बोलीत सांगतो, “काका, उत्पन्नाचा दाखला पाहिजे.” ते नमुना काढतात, रकाने भरतात, तिकीट कुठे लावायचं, सही कुठे करायची ते सांगतात. अर्ज परत आला तर का आला ते वाचून दाखवतात. क्लायंट लायब्ररी म्हणजे हेच काका! लायब्ररी म्हटलं की आपल्याला पुस्तकांची कपाटं दिसतात, पण इथे त्याचा अर्थ ‘दुसऱ्यांनी आधीच लिहून, तपासून ठेवलेल्या प्रोग्रामचा संच’ असा आहे. आपण पायथनसारख्या भाषेत एक ओळ लिहायची, ‘ही फाइल त्या पेटीत ठेव’. बाकीची लिखापढी लायब्ररी करते.

मी जी लायब्ररी वापरते तिचं नाव ‘बोटो थ्री’. नाव गमतीशीर आहे. ॲमेझॉन नदीत राहणाऱ्या डॉल्फिनला तिथे बोटो म्हणतात, त्यावरून हे ठेवलं. जुनी बोटो आधीपासून होती, ही तिसरी आवृत्ती जून २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ती फुकट आहे आणि तिचा कोड कुणालाही वाचता येतो.

‘अ‍ॅपाची लिबक्लाउड’ नावाची आणखी एक लायब्ररी आहे. ती २०११ मध्ये अ‍ॅपाची फाउंडेशनचा स्वतंत्र, मुख्य प्रकल्प झाली. तिचं वैशिष्ट्य असं, की ती अनेक कंपन्यांच्या सेवांशी एकाच भाषेत बोलते. उद्या कंपनी बदलायची ठरली तर प्रोग्रामची फार मोडतोड करावी लागत नाही. मात्र सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीच तिच्यात सोप्या असतात. एखाद्या कंपनीची खास सोय हवी असेल तर त्या कंपनीची स्वतःची लायब्ररी बरी पडते. दहा कचेऱ्यांचे अर्ज लिहिणारे काका आणि एकाच कचेरीत मुरलेले काका, यांच्यात असतो तेवढाच हा फरक.

मला हे शिकवलं माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. तो आता पुण्यात नोकरी करतो. रविवारी फोनवर बसायचो आम्ही. “बाई, घाई नका करू, आधी एरर पूर्ण वाचा,” असं तो मला सांगायचा. हेच वाक्य मी त्याला गणिताच्या तासाला सांगायचे, ‘आधी उदाहरण पूर्ण वाच’ म्हणून. गुरूची विद्या गुरूला, म्हणतात ती अशी.

एका आईचे तीन प्रश्न

काम सुरू करण्याआधी मुख्याध्यापकांशी बोलले, शाळा व्यवस्थापन समितीत विषय ठेवला आणि मग पालकसभा घेतली. संमतीपत्र सोप्या मराठीत लिहून वाचून दाखवलं. बहुतेकांनी मान डोलावली. मागे बसलेल्या एका आईने मात्र हात वर केला. त्या स्वतः दरवर्षी कोयता घेऊन जातात. म्हणाल्या, “बाई, माझ्या लेकीचा आवाज ठिवणार कुठं? कुनी बी ऐकल का त्यो? आन् उद्या मी नको म्हनलं, तर पुसताल का?”

पालकहो, आजवर मी जेवढी संगणकाची प्रशिक्षणं केली, त्यांत इतके नेमके प्रश्न कुणी विचारलेले ऐकले नाहीत. मी त्यांना म्हटलं, “ताई, तिन्ही प्रश्नांची उत्तरं नीट शोधून पुढच्या सभेत देते.” ती उत्तरं शोधता शोधताच मी ही लायब्ररी खऱ्या अर्थाने शिकले.

*पहिला प्रश्न : कुठे?* क्लाउड कंपन्यांचे संगणक वेगवेगळ्या प्रदेशांत असतात. एस थ्रीमध्ये पेटी, तिला तिथे ‘बकेट’ म्हणतात, बनवताना प्रदेश निवडता येतो. अ‍ॅमेझॉनचा मुंबई प्रदेश जून २०१६ मध्ये सुरू झाला, हैदराबादचा नोव्हेंबर २०२२ मध्ये. आम्ही मुंबई निवडला. नेहमीच्या प्रकारात ठेवलेली फाइल त्या प्रदेशातल्या किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणी जपली जाते, आणि आपण स्वतः हलवल्याशिवाय ती प्रदेशाबाहेर जात नाही. एक ठिकाण बंद पडलं तरी आवाज शाबूत. लायब्ररी वापरताना प्रदेशाचं नाव आपणच स्पष्ट लिहायचं, ते गृहीत धरायचं नाही.

*दुसरा प्रश्न : कोण ऐकू शकेल?* इथे दोन दारं आहेत. पहिलं दार पेटीचं. एप्रिल २०२३ पासून नवी पेटी बनवली की ती बाहेरच्या जगासाठी आपोआप बंद असते. त्याआधीच्या काळात पेट्या चुकून उघड्या राहून माहिती बाहेर आल्याचे प्रकार जगभर घडले होते. तरीही नुसत्या भरवशावर न राहता आम्ही ती सेटिंग डोळ्यांनी तपासली.

दुसरं दार चावीचं. लायब्ररीला आपली ओळख पटवायला एक जोडी लागते. एक ओळख-क्रमांक आणि एक गुप्त चावी. ही गुप्त चावी बनवताना एकदाच दिसते, नंतर पुन्हा दाखवत नाहीत. ती प्रोग्राममध्ये कधीही लिहायची नाही. संगणकावर वेगळ्या ठिकाणी ठेवायची, लायब्ररी ती तिथून स्वतः शोधून घेते. प्रोग्राम आपण कुणाला तरी दाखवतो, व्हॉट्सॲपवर पाठवतो, इंटरनेटवर ठेवतो. चावी त्यात असेल तर तीही गेली. उघड्यावर पडलेल्या अशा चाव्या हुडकणारे स्वयंचलित प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात, आणि मग दुसऱ्याच्या खात्यावर महागडे संगणक चालवून बिल मालकाच्या गळ्यात पडतं.

शिवाय प्रत्येक चावीला किती अधिकार द्यायचे ते ठरवता येतं. शाळेच्या शिपाईमामांकडे वर्गांच्या चाव्या असतात, तिजोरीची नसते. तसंच माझ्या रोजच्या चावीने या एकाच पेटीत फाइल ठेवता येते, वाचता येते आणि यादी पाहता येते. पुसता येत नाही, दुसरं काही चालू करता येत नाही. चावी हरवलीच तर नुकसान तेवढ्यापुरतंच.

आणि फाइलच्या नावात मुलाचं नाव घालायचं नाही. आम्ही वर्ष, जनरल रजिस्टरचा क्रमांक आणि चाचणीचा क्रमांक एवढंच लिहितो. क्रमांकावरून मूल ओळखायचं तर शाळेतलं रजिस्टर लागतं, आणि ते कपाटात कुलूपबंद आहे.

मग दूरच्या शाळेतल्या बाईंना ऐकवायचं कसं? त्यासाठी लायब्ररीत एक सुंदर सोय आहे, ‘प्रीसाइन्ड’ म्हणजे आधीच सही केलेला दुवा. आपण सांगायचं, ‘या एका फाइलचा दुवा बनव, २४ तास चालेल असा’. मुदत सांगितली नाही तर तो एक तास चालतो, आणि आमच्यासारख्या कायम चावीने बनवलेल्या दुव्याची कमाल मुदत सात दिवस. मुदत संपली की दुवा मेला. पण एक लक्षात ठेवा, मुदतीत तो दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला फाइल ऐकता येते. म्हणून तो ग्रुपवर टाकायचा नाही, एकाच माणसाला पाठवायचा आणि मुदत गरजेपुरतीच ठेवायची. आणखी एक गंमत : हा दुवा आपल्या संगणकावरच तयार होतो, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. त्यामुळे फाइलच नसली तरी दुवा तयार होतोच! पाठवण्याआधी एकदा स्वतः उघडून पाहायचा.

*तिसरा प्रश्न : पुसता येईल का?* हा सगळ्यांत अवघड निघाला. चुकून फाइल पुसली किंवा बदलली जाऊ नये म्हणून पेटीत ‘व्हर्जनिंग’ चालू करता येतं. म्हणजे जुन्या प्रती जपल्या जातात. चांगली गोष्ट आहे. पण मग ‘पुस’ म्हटल्यावर काय होतं? फाइल यादीतून दिसेनाशी होते, तिच्यावर ‘पुसली’ अशी खूण बसते आणि खाली मूळ आवाज तसाच राहतो! लायब्ररी सांगते, काम झालं. काही चुकलं असा निरोपही येत नाही. आपण त्या आईला सांगणार, “पुसलं हो ताई,” आणि आवाज मात्र तिथेच.

खरोखर पुसायचं तर लायब्ररीकडून त्या फाइलच्या सगळ्या आवृत्त्यांची यादी मागवायची, एकेका आवृत्तीचा क्रमांक देऊन ती काढायची आणि शेवटी पुन्हा यादी मागवून ती रिकामी आहे याची खात्री करायची. आम्ही यासाठी वेगळी चावी केली. ती मुख्याध्यापकांच्या ताब्यात असते. पालकांचा लेखी अर्ज आला की आम्ही दोघं बसून हे काम करतो आणि तारखेसह नोंद करतो. शाळेच्या संगणकावरची आणि मोबाइलवरची प्रतही त्याच दिवशी काढायची, हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या सभेत मी ही तिन्ही उत्तरं सांगितली. फळ्यावर पेटी, चावी आणि दुवा काढून दाखवला. त्या आईने ऐकून घेतलं, अंगठा दिला आणि म्हणाल्या, “मंग ठिवा. पर तिकडच्या बाईला ऐकवा बरं का.” दुसऱ्या एका वडिलांनी मात्र संमती दिली नाही. त्यांच्या मुलाचं रेकॉर्डिंग आम्ही पेटीत ठेवत नाही, आणि त्यावरून त्याला वर्गात काही वेगळं वागवत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीला महत्त्व आहे. कायदा नसता तरी शिष्टाचार म्हणून हे करायलाच हवं होतं.

त्या दिवाळीनंतर ती मुलगी आईबापांबरोबर सातारा भागात गेली. तिथल्या बाईंचा नंबर मिळवला, फोन केला आणि तिच्या शेवटच्या दोन वाचनांचे दुवे २४ तासांसाठी पाठवले. त्यांचा संध्याकाळी फोन आला, “अहो, ही तर जोडाक्षरांपाशी तेवढी अडखळते, बाकी छान वाचते की! आमच्याकडे आल्यापासून तोंडच उघडलं नव्हतं तिनं. मी पहिलीत बसवणार होते.” तिला तिसरीतच बसवलं. वर्ष वाचलं लेकराचं.

खेड्यातल्या तीन अडचणी

*नेट आणि लाइट.* फाइल चढत असतानाच लाइट जाते. अशा वेळी लायब्ररी काही वेळा स्वतःच पुन्हा प्रयत्न करते, दर वेळी थोडं जास्त थांबून. नाहीच जमलं तर चूक कळवते. एस थ्रीमध्ये अर्धवट फाइल दिसत नाही. एक तर ती पूर्ण पोचते, नाहीतर पोचतच नाही. आणि नाव ठरलेलं असल्यामुळे तीच फाइल दुसऱ्यांदा चढवली तरी यादीत ती एकदाच दिसते. म्हणून नावं आधी ठरवणं हे निम्मं काम आहे. मोबाइलने दिलेली नावं तशीच ठेवली असती, तर हाच गोंधळ क्लाउडवर गेला असता.

*घड्याळ.* एकदा सगळं बरोबर असून अर्ज परत येत होते. एरर पूर्ण वाचली तर वेळेचा उल्लेख. शाळेच्या जुन्या संगणकातली छोटी बॅटरी संपलेली, त्यामुळे लाइट गेली की त्याचं घड्याळ काही वर्षं मागे जायचं. प्रत्येक विनंतीच्या सहीत वेळ धरलेली असते, आणि सेवेच्या घड्याळापेक्षा १५ मिनिटांहून जास्त फरक असेल तर ती विनंती नाकारतात. कुणी जुना अर्ज चोरून पुन्हा वापरू नये म्हणून ही खबरदारी. एक बॅटरी बदलली, प्रश्न मिटला.

*हजाराची यादी.* ही अडचण यायची होती, पण तिची तयारी आधीच केली. लायब्ररीची माहितीपुस्तिका सांगते, की पेटीतल्या फाइलींची यादी मागितली तर एका वेळी जास्तीत जास्त १००० नावं मिळतात. आमच्या सहा वर्षांच्या फाइली किती? १६८ गुणिले ६, म्हणजे १००८. सहाव्या वर्षी आठ फाइली यादीतून गायब दिसल्या असत्या! आणि कुठल्या? यादी नावांच्या क्रमाने येते, आमची नावं वर्षाने आणि रजिस्टर क्रमांकाने सुरू होतात. म्हणजे शेवटच्या आठ फाइली त्या वर्षीच्या सगळ्यांत मोठ्या क्रमांकाच्या दोन मुलांच्या, नुकत्याच शाळेत आलेल्या. त्यांच्या चारही नोंदी दिसल्या नसत्या. उत्तरात ‘यादी अजून बाकी आहे’ अशी खूण असते, पण ती आपण पाहिली तर! यासाठी लायब्ररीत ‘पेजिनेटर’ नावाची सोय आहे, ती पानामागून पान मागवत शेवटपर्यंत जाते. मी ती पहिल्या दिवसापासून वापरते, आणि आलेली संख्या दर वेळी पटाशी ताडून पाहते. हजेरी घेताना आपण डोकी मोजतोच ना, तसंच.

खर्च किती, आणि खातं कुणाचं?

पाऊण जीबीच्या आत असलेल्या या साठ्याचं महिन्याचं भाडं एका कटिंग चहापेक्षा कमी आहे. दर बदलत असतात, सुरू करताना चालू दर पाहून घ्या. पण स्वस्त म्हणून डोळे मिटायचे नाहीत. खर्चाची मर्यादा ठरवून ती ओलांडली की ई-मेल येईल अशी सोय करता येते. ती पहिल्या दिवशी करा. लक्षात असू द्या, ही फक्त सूचना असते. तिने खर्च आपोआप थांबत नाही.

खातं शाळेच्या ई-मेलवर असावं, एखाद्या शिक्षकाच्या खासगी ई-मेलवर नको. आपल्या बदल्या होतात. माझी उद्या झाली तर माझ्याबरोबर मुलांचे आवाज जाता कामा नयेत. प्रोग्राम मी मराठी टिपणांसह लिहून शाळेत ठेवला आहे. माउसने काय काय क्लिक केलं हे कुणाला आठवत नाही. लिहिलेला प्रोग्राम मात्र नव्या शिक्षकाला वाचता येतो, तपासता येतो, सुधारता येतो. क्लिक करण्याऐवजी लायब्ररी वापरण्याचा सगळ्यांत मोठा फायदा मला हाच वाटतो.

वर्गात करून पाहा : संगणकाशिवाय

सहावी-सातवीला हा खेळ घ्या. एका तासात होतो.

१. एक मुलगी ‘भांडार’. तिच्याकडे खोक्यात लिफाफे. ती फक्त ठरलेल्या नमुन्यातली चिठ्ठी स्वीकारते : काम, लिफाफ्याचं नाव, वेळ आणि सही.

२. एक मुलगा ‘काका’, म्हणजे लायब्ररी. बाकीची मुलं त्याला साध्या बोलीत काम सांगतात, तो चिठ्ठी लिहितो.

३. सही अशी : चिठ्ठीतली अक्षरं मोजायची आणि त्याला गुप्त संख्येने गुणायचं. गुप्त संख्या ७ असेल आणि अक्षरं १२ असतील तर सही ८४. गुप्त संख्या फक्त काका आणि भांडार यांना माहीत. चिठ्ठीवर ती कधीच लिहायची नाही. भांडार स्वतः गुणाकार करून पडताळते. खऱ्या लायब्ररीची सही यापेक्षा खूपच कठीण गणिताने होते, पण कल्पना हीच. चावी पाठवायची नाही, चावी आपल्याकडे आहे याचा पुरावा पाठवायचा.

४. मधेच तुम्ही ‘नेट गेलं’ असं कार्ड दाखवा. काकाने थोडं थांबून तीच चिठ्ठी पुन्हा द्यायची.

५. भांडाराने एका वेळी पाचच लिफाफ्यांची नावं सांगायची. सातवा लिफाफा आहे हे कुणाच्या लक्षात येतं ते पाहा.

खेळ संपल्यावर मुलांना विचारा, “मित्राने गुप्त संख्या मागितली तर द्याल का?” चर्चा रंगते. ओटीपी कुणाला का सांगायचा नाही, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पालकांसाठी शेवटचं

पालकहो, तुम्हाला प्रोग्राम लिहायची गरज नाही. पण शाळा, क्लास किंवा एखादं ॲप तुमच्या मुलाचा फोटो, आवाज, माहिती घेत असेल, तर त्या आईसारखे तीन प्रश्न जरूर विचारा. कुठे ठेवणार? कोण पाहणार? पुसा म्हटलं तर खरंच पुसणार का, आणि ते आम्हाला कसं कळणार? उत्तर देणाऱ्याला राग आला तर येऊ द्या. आणि शिक्षक मित्रांनो, तुमच्याकडे असे प्रश्न आले तर ‘सगळं क्लाउडवर सुरक्षित आहे’ एवढ्यावर त्यांची बोळवण करू नका. उत्तर माहीत नसेल तर पुढच्या सभेपर्यंत वेळ मागा, शोधा आणि फळ्यावर काढून दाखवा.

हंगाम सुरू व्हायच्या आत, तुमच्या वर्गातून कोणती मुलं बाहेरगावी जाणार आहेत त्यांची यादी करा. क्लाउड जमलं नाही तर नुसता मोबाइल पुरे. पालकांना विचारून दीड मिनिटाचं वाचन रेकॉर्ड करा आणि मूल पोचेल त्या शाळेतल्या शिक्षकांना एक फोन करा. बाकीचं तंत्र मागाहून शिकता येतं.